बोट ठेवून वाचा

पुष्कळ घरांत पवित्र शास्त्र असते. ते असते कोठे? फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर. कोणाच्या आजोबांच्या वेळचे, तर कोणाला लग्नात मिळालेले. रविवारी ते खाली येते, काखेत बसून देवळात जाते आणि परत आले की पुन्हा फळीवर. उंदराने कुरतडले नाही म्हणजे झाले!

आजवर यात तुमचा दोष नव्हता. अक्षर येत नव्हते. पाळकसाहेब वाचीत आणि आपण ऐकत होतो. ऐकलेले पुष्कळ लक्षातही राहत असे. पण आता तुम्हाला अक्षर येते. जोडाक्षर आले की अजून जरा अडखळायला होते, पण वाक्य पुरे होते. मग ते फडके सोडा की!

ग्रंथ जाडा आहे म्हणून भिऊ नका. ते एक पुस्तक नाहीच. लहानमोठी ६६ पुस्तके एकत्र बांधली आहेत. जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. (वसईकडच्या कॅथलिक मंडळींच्या ग्रंथात जुन्या करारात आणखी काही पुस्तके असतात.) प्रत्येक पुस्तकाचे अध्याय पाडलेले आहेत आणि अध्यायाच्या ओव्या. लूक १५:८ असे लिहिले असले, म्हणजे लूक नावाचे पुस्तक, अध्याय १५, ओवी ८. गटनंबर सापडला की शेत सापडते, तसेच हे.

एक सांगून ठेवतो. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आमच्या रात्रीच्या वर्गात पुष्कळांनी तसे केले. उत्पत्तीतल्या गोष्टी आवडीने वाचल्या, मग याजकांचे आणि होमबलींचे नियम आले आणि गाडी चिखलात रुतली. लूकपासून आरंभ करा. त्यात शेत आहे, मेंढरे आहेत, पीठ आणि खमीर आहे, मजूर आहे, सावकारही आहे.

आता लूकचा अध्याय १५ उघडा. आठव्या ओवीपासून एका बाईची गोष्ट आहे. तिच्यापाशी चांदीची दहा नाणी होती. त्यांतले एक हरवले. तिने दिवा लावला, घर झाडले आणि सापडेपर्यंत शोधले. सापडल्यावर शेजारणींना बोलावून तिने आनंद केला. गोष्ट एवढीच. शहरातल्या माणसाला वाटेल, एका नाण्यासाठी एवढे काय? पण तसले एक नाणे म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. ती ज्या बाईची बुडाली असेल, तिला यातले सारे कळते. आणि दिवा कशाला लावला? त्या देशात गरिबाचे घर लहान, उजेड कमी, खाली माती. आमच्या वर्गातली एक म्हातारी हे वाचून म्हणाली, "मग देव बी असाच शोधतोय व्हय, केरसुणी घेऊन?" गोष्टीचा अर्थ नेमका हाच आहे. हरवलेल्या माणसाला देव असा शोधतो, हे येशू सांगत होता. म्हातारीला ते कोणी समजावून सांगितले नव्हते. घर झाडता झाडता तिला ते कळले होते.

दुसरी गोष्ट विहिरीची. योहानाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढा. दुपारची वेळ. येशू चालून चालून थकला आणि विहिरीवर बसला. एक शोमरोनी बाई पाणी भरायला आली. त्याने तिच्यापाशी पाणी मागितले. ती चकितच झाली. कारण यहुदी लोक शोमरोनी लोकांना कमी लेखीत. त्यांच्याशी संबंध ठेवीत नसत. तुम्ही यहुदी असून माझ्याजवळ पाणी कसे मागता, असे तिने विचारले.

हा प्रश्न आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पाणवठा कोणाचा, पोहरा कोणी धरायचा, ओंजळीत पाणी वरून कोण ओतणार, हे आपल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. पाण्याच्या हक्कासाठी महाडला १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. ख्रिस्ती झालेल्या घरांतूनही ही शिवाशीव लगेच गेली नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात हे मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या, पण सोवळे बरोबर घेऊन आल्या. पाणी वेगळे, चूल वेगळी. माणसानेच ही जात केली आहे, हे मनाला पटायला त्यांना वेळ लागला. पटल्यावर मात्र त्यांनी ते धरून ठेवले. तुमच्या देवळात आजही कोणी पूर्वीच्या जातीवरून बाक निवडून बसत असेल, सोयरीक जमवताना तेच आधी विचारीत असेल, तर योहानाचा चौथा अध्याय त्याला मोठ्याने वाचून दाखवा. वाचणाऱ्याच्याही कानावर तो पडेल.

तुम्हाला हे सोपे वाचता यावे म्हणून एका बाईने किती खपावे! पंडिता रमाबाईंचे नाव तुम्ही ऐकले असेल. जन्म १८५८ सालचा. वडील शास्त्री. आईवडील दुष्काळात गेले. संस्कृत त्यांना इतके येत असे की १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी उपाशी मुली आणि विधवा गोळा केल्या आणि केडगावला आणल्या. हे केडगाव पुणे जिल्ह्यातले, दौंडच्या अलीकडचे. नगरजवळही एक केडगाव आहे, ते नव्हे. तेथील मुक्ती मिशन त्यांचेच.

मराठीत शास्त्र तेव्हा होते. नवा करार १८११ सालीच बंगालातल्या सेरामपूरला मराठीत छापला होता, पुढे आणखी भाषांतरे झाली. पण त्यांतली मराठी ठिकठिकाणी जड. नुकत्याच अक्षर शिकलेल्या बायांना ती झेपेना. तेव्हा रमाबाई उतारवयात इब्री आणि ग्रीक भाषा शिकल्या आणि सारा ग्रंथ पुन्हा मराठीत आणायला बसल्या. आम्हाला यात नवल वाटते ते हे की, जड शब्द ज्यांच्या तोंडात बसलेले होते त्यांनीच सोपे शब्द शोधले. मुक्तीच्या छापखान्यात बायाच खिळे जुळवीत, बायाच छापीत. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. पुरा ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

इतक्या कष्टाने सोपे केलेले पुस्तक आपण कसे वाचावे? काही जण डोळे मिटून कोठेही बोट ठेवतात आणि त्या ओवीवरून शकुन काढतात. बैल घ्यावा का, मुलगी द्यावी का, तारीख कोणती धरावी. हे काम पंचांगाचे, शास्त्राचे नव्हे. कोणी तापाच्या पोराच्या उशाशी ग्रंथ ठेवतात आणि दवाखान्यात नेत नाहीत. अहो, लूक स्वतः वैद्य होता! प्रार्थना करा आणि पोराला दवाखान्यातही न्या.

याहून वाईट खोड दुसरी आहे. आपल्या सोयीची एकच ओवी तोडून घ्यायची. बायकोने नवऱ्याच्या अधीन असावे, ही इफिसकरांस पत्रातली ओवी (५:२२) पुष्कळ पुरुषांना तोंडपाठ असते. एरवी एक अध्याय वाचायचे नाव नाही, पण हात उगारताना ही ओवी आठवते. अशा माणसाला आम्ही सांगतो, बोट एक ओवी वर न्या. तेथे सर्वांनीच एकमेकांच्या अधीन असावे असे सांगितले आहे. आता तीन ओव्या खाली या. ख्रिस्ताने मंडळीसाठी आपला प्राण दिला, तशी प्रीती नवऱ्याने बायकोवर करावी, असे तेथे आहे. मारायला कोठेच सांगितलेले नाही. आणि बायांनो, हे वर-खाली तुम्हीही वाचून ठेवा, म्हणजे घरात दाखवता येईल.

बोट ठेवून वाचले की काय होते, ते आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिले. आमच्या वर्गात पन्नाशीचे एक शेतकरी येत. थोरल्या भावाशी त्यांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. कारण बांध. थोरल्याने बांध कोरला, दरसाल नांगराचे एक तास आत घेतले, असे यांचे म्हणणे. वाद तलाठ्यापर्यंत गेला, मोजणी झाली, तरी मिटला नाही. दोघे एकाच देवळात येत. एक उजव्या बाजूला बसे, दुसरा डाव्या.

त्या आठवड्यात धडा मत्तयाचा होता, अध्याय ५, ओव्या २३ आणि २४. वेदीपाशी दान घेऊन गेला असताना भाऊ आठवला, तर दान तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, असा मजकूर. गृहस्थ बोट ठेवून वाचीत होते. एका ठिकाणी बोट थांबले. ते मागे गेले. पुन्हा तेथेच आले.

"गुरुजी, हे चुकून छापलंय का?"

"काय छापलंय?"

"मी लहानपणापासून ऐकत आलो की, माझ्या मनात भावाविषयी काही असलं तर. इथं उलटं हाय. त्याच्या मनात माझ्याविषयी काही असलं तर, असं हाय."

आम्ही पाहिले. छापले होते ते बरोबर होते. ऐकताना त्यांच्या कानाने ते अकरा वर्षे फिरवून घेतले होते. आम्ही विचारले, "मग त्यांच्या मनात तुमच्याविषयी काही आहे का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. बाकीचे वाचायचे थांबले. मग खाली बघून म्हणाले, "आईच्या दुखण्याचा खर्च त्यानं केला. निम्मा मी देतो म्हणालो होतो. पुढं बांधाचं झालं, आणि रागात मी दिलाच नाही. आई गेली. त्यानं कधी मागितलं नाही."

सुगीनंतर आमच्याकडे देवळात धान्याचे दान आणतात. त्या रविवारी हे गृहस्थ ज्वारीचे पोते घेऊन आले, दाराशी टेकवले आणि आत न येता तसेच भावाच्या वस्तीकडे चालू लागले. पोते उपासना संपेपर्यंत दारातच होते. येणारा जाणारा त्याला वळसा घालून जात होता.

भाऊ त्या दिवशी बाहेर आलाच नाही. वहिनीने तांब्याभर पाणी दिले, इतकेच. हे पाणी पिऊन परत आले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, दवाखान्याचे निम्मे पैसे घेऊन. सगळे एकदम जमले नाहीत, दोन हप्त्यांत दिले. थोरल्याने नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि विचारले, "तुझ्या मोटारीला पाणी ओढतंय का यंदा?"

बांध अजून होता तेथेच आहे, वाकडाच. मोजणीचा कागदही तसाच आहे. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आता दोघे मिळून ठरवतात. देवळात अजून एक उजवीकडे बसतो आणि दुसरा डावीकडे. सवय पडली आहे, असे म्हणतात.