शेष किती राहिले?



उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पांढुर्ण्याला मामाकडे गेलो होतो. संत्र्यांचा हा मुलूख. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा विदर्भ मुंबई राज्यात गेला, पण पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. 2023 पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे. घरात मराठी आणि पुस्तक हिंदी, अशी तिथल्या पुष्कळ मुलांची शाळा.

आठवीतला मामेभाऊ गणितात नापास झाला होता. "दादा, मले गणित येतच नाही," म्हणाला. मी वही पाहिली. उदाहरण असे: एका व्यापाऱ्याने टोपलीतली एक तृतीयांश संत्री विकली, ‘शेष का चौथाई’ वाटून टाकली, 60 उरली, तर मुळात किती होती?

त्याचे उत्तर होते 144. बारा भागांतून चार आणि तीन गेले, पाच उरले. पाच भाग म्हणजे 60, तर बारा म्हणजे 144. आकडेमोड बिनचूक, सुटले होते फक्त ‘शेष का’ हे शब्द. "उरलेल्यांचा चौथा हिस्सा," असे मी सांगताच त्याने स्वतःच पेन्सिल घेतली.

मग आम्ही तेच उदाहरण तीन रीतींनी सोडवले.

अंकगणित: भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) इष्टकर्माची रीत आहे, सोयीची संख्या धरून चालायचे. 12 धरू. 4 विकली, 8 राहिली. त्यांतली 2 वाटली, 6 उरली. प्रत्यक्षात 60, म्हणजे दसपट उरली. म्हणून मूळ संख्या 120.

बीजगणित: एकूण संत्री क्ष. विक्रीनंतर उरली 2क्ष/3. त्यांचा चौथा हिस्सा क्ष/6. तो वजा जाता राहिले क्ष/2 = 60; म्हणून क्ष = 120.

भूमिती: एका आयताचे तीन सारखे उभे पट्टे करा. एक पट्टा खोडा. उरलेल्या दोघांचे प्रत्येकी दोन सारखे भाग पाडा. चारांतला एक खोडा. राहिलेले तीन भाग म्हणजे 60, एक भाग 20. पूर्ण आयतात असे सहा भाग, म्हणून 120.

शेवटी पडताळा: 120 मधून 40 गेली, 80 राहिली, त्यांतली 20 गेली, 60 राहिली. हाच पडताळा 144 ला लावला तर 72 उरतात. तो परीक्षेत घेतला असता तर चूक तिथेच सापडली असती.

आपल्या सीमाभागातही अनेकांची घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असते. म्हणून धाकट्यांना शिकवताना आधी उदाहरण त्यांच्या बोलीत सांगायला लावा, मग सोडवायला. "गणित येत नाही" हा निकाल त्यानंतर द्या. बहुधा तो द्यावा लागणार नाही.