माल, नाममुद्रा आणि वेष्टन : मलाजखंड परिसरातील धान्याचा पाठ

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पठारावर वसलेले मलाजखंड तांब्याच्या खाणीमुळे देशाला ठाऊक झाले. हिंदुस्तान कॉपर लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा येथील प्रकल्प 1982 मध्ये सुरू झाला. येथील दगडात तांब्याचा अंश शेकडा एकाच्या आसपास असतो. दगड दळून, त्यातील निरुपयोगी भाग वेगळा काढून तांब्याचा अंश वाढविलेली भुकटी तयार करतात आणि ती बाहेर पाठवितात. तिचे मोल प्रयोगशाळेत निघालेला तांब्याचा अंश आणि जागतिक बाजारातील भाव यांवर ठरते. भुकटी कोणी काढली, कोणत्या पोत्यात भरली, याला तेथे महत्त्व नाही.

याच परिसरातील गोंड व बैगा शेतकरी कोदो आणि कुटकी पिकवितात. कोदो म्हणजे महाराष्ट्रात कोद्रा किंवा हरीक या नावाने ओळखले जाणारे धान्य. तेही पोत्यातून, नावाविना आठवडी बाजारात जाते. परंतु तांब्याप्रमाणे त्याचा कस सांगणारी प्रयोगशाळा बाजारात नसते. व्यापारी मूठभर दाणे हातावर घेतो आणि भाव सांगतो. स्वच्छ वाळविलेला माल आणि ओलसर, खडेमिश्रित माल एकाच ढिगात पडतो, व ज्याने कष्ट घेतले त्याला त्या कष्टांचे मोल मिळत नाही. ही अडचण दूर करण्याचे मार्ग पणनशास्त्रात तीन सांगितले आहेत : उत्पादनाचे नियोजन, नाममुद्रा आणि वेष्टन. त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

उत्पादनाचे नियोजन

बाजारात काय न्यावयाचे हे ठरविण्यापूर्वी ते कोणासाठी, याचा विचार झाला पाहिजे. मलाजखंडच्या परिसरात तीन प्रकारचे ग्राहक सहज दिसतात. पहिला, खाण वसाहतीतील कुटुंबे. त्यांना महिन्याच्या किराण्याबरोबर एक-दोन किलो निवडलेले धान्य हवे असते. दुसरा, कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की प्रवेशद्वाराकडे येणारे पर्यटक. त्यांना प्रवासात नेता येईल अशी लहान पिशवी सोयीची. तिसरा, गोंदिया, नागपूर व जबलपूरकडील दुकानदार. त्यांना एकसारखा माल नियमित हवा असतो. धान्य एकच असले तरी वजन, सफाई व पुरवठ्याची वेळ या तिघांसाठी निराळी ठरते.

मालाचा स्वभाव ओळखणे हाही नियोजनाचाच भाग होय. कोदो टरफलासह दीर्घकाळ टिकतो. टरफल काढल्यावर मात्र दाण्यातील स्निग्धांश हवेच्या संपर्कात येऊन कालांतराने खवट वास येऊ लागतो. म्हणून सर्व धान्य एकदम भरडून ठेवू नये. मागणी असेल तितकेच भरडावे. कापणीनंतरची ओल हा याहून गंभीर प्रश्न आहे. ओल्या कोदोवर बुरशी वाढल्यास तो विषारी होतो. ऑक्टोबर 2024 मध्ये बांधवगडच्या जंगलात 10 हत्ती मृत्युमुखी पडले. त्यांच्या तपासणीत बुरशी लागलेल्या कोदोतील सायक्लोपियाझोनिक आम्ल आढळले. असा माल सुंदर पिशवीत भरल्याने सुरक्षित होत नाही. वाळवण आणि निवड आधी, पिशवी नंतर, हा नियम यातून निघतो.

दर्जा एकच ठेवण्याचे महत्त्व मुंबईच्या एका प्रसिद्ध उदाहरणावरून समजते. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. आरंभी त्या दोन प्रकारचे पापड करीत. त्यांपैकी एक हलक्या प्रतीचा व स्वस्त असे. हलका माल न करता एकच उत्तम पापड करावा, असा सल्ला त्यांना मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी दिला आणि त्यांनी तो पाळला. ‘लिज्जत’ हे नाव त्यानंतर आले. आधी दर्जा ठरला, मग नाव ठरले, हा क्रम येथे ध्यानात घेण्यासारखा आहे.

नाममुद्रा

नाममुद्रा म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाला दिलेले वचन होय. मागील वेळी जो माल मिळाला तोच याही वेळी मिळेल, एवढाच त्या वचनाचा अर्थ. नाव लहान, उच्चारण्यास सोपे आणि दुसऱ्याच्या नावाशी गल्लत न होणारे असावे. प्रसिद्ध नावाशी जुळणारे नाव घेण्याचा मोह टाळावा; त्यात कायद्याचा भंग होतो आणि स्वतःची ओळखही उभी राहत नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 अन्वये नावाची नोंदणी करून घेता येते.

काही नावे एका व्यक्तीची नसतात, प्रदेशाची असतात. बालाघाटचा चिन्नोर तांदूळ हे त्याचे जवळचे उदाहरण. वैनगंगेच्या खोऱ्यात, लालबर्रा व वारासिवनी भागात पिकणारा हा सुवासिक तांदूळ तयार होण्यास अधिक दिवस घेतो, त्याचे रोप उंच वाढून लोळते आणि उतारा कमी येतो. जास्त भाव मिळाला तरच हे पीक शेतकऱ्याला परवडते. चिन्नोरच्या नावाखाली दुसराच तांदूळ विकला गेला, तर खऱ्या उत्पादकाचा भाव पडतो आणि हळूहळू पीकच शेतातून जाते. बालाघाट चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे महत्त्व यात आहे. मानांकनाचा कायदा 1999 चा असून तो 2003 पासून अमलात आहे. नोंदणी 10 वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते.

मात्र मानांकन मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. शेतकऱ्याने किंवा गटाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते. शिवाय मानांकन नावाचे रक्षण करते. दर्जाचे रक्षण उत्पादकांनीच करावयाचे असते. गटातील एकाने भेसळ केली, तर शेजारच्या दहा प्रामाणिक शेतकऱ्यांचेही नाव जाते.

वेष्टन

वेष्टनाची कामे तीन : माल सुरक्षित ठेवणे, माप निश्चित करणे आणि माहिती देणे. शोभा त्यानंतर येते. भरडलेल्या कोदोला ओल व कीड यांपासून जपणारी, घट्ट बंद होणारी पिशवी लागते. सुवासिक तांदळाचा वास साठवणुकीत हळूहळू उडतो, म्हणून त्यासाठीही हवाबंद व लहान वेष्टन बरे. तागाचे पोते घाऊक वाहतुकीस योग्य आहे. परंतु सुवास राखणे त्याच्याकडून होत नाही.

वेष्टनबंद मालावर वैध मापनशास्त्राच्या 2011 च्या नियमांनुसार मालाचे नाव, निव्वळ वजन, भरणाऱ्याचे नाव व पत्ता, भरल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे आवश्यक आहे. खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, 2006 खालील नोंदणी किंवा परवाना घेऊन त्याचा क्रमांकही द्यावा लागतो. ‘या धान्याने मधुमेह बरा होतो’ यासारखे दावे छापू नयेत. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि त्यावर विश्वासून एखाद्या रुग्णाने औषध सोडल्यास हानी मोठी होते.

किमतीचा हिशेब

वेष्टनाचा खर्च मालावर चढतो, म्हणून हिशेब आधी मांडावा. पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, 100 किलो कोदोची किंमत 3,000 रुपये, भरडाई 400, निवडण्याची मजुरी 500 आणि वाहतूक 300 रुपये आहे. भरडल्यावर 60 किलो तांदूळ निघाला व तो अर्ध्या किलोच्या 120 पिशव्यांत भरला. पिशवी 6 रुपयांप्रमाणे 720 रुपये झाले. एकूण खर्च 4,920 रुपये, म्हणजे प्रत्येक पिशवीमागे 41 रुपये. याहून कमी किमतीस विक्री म्हणजे तोटा. पुष्कळ गट घरच्या धान्याची किंमत व घरच्या माणसांची मजुरी हिशेबात धरीत नाहीत आणि विक्री होऊनही हाती काही का उरले नाही, याचे नवल करतात. दुकानदाराची दलाली आणि न खपलेला मालही यात मिळवावा लागतो.

एकट्याने हे सर्व करणे अवघड आहे. भरडणी यंत्र, वजनकाटा, नोंदणी व छपाई यांचा खर्च अनेकांत वाटला तरच तो झेपतो. डिंडोरी जिल्ह्यात मेहंदवानी येथे तेजस्विनी कार्यक्रमाखाली महिलांच्या संघाने कोदो-कुटकीच्या लागवडीबरोबर प्रक्रियेचे कामही हाती घेतले होते. स्वयंसहाय्यता गट, सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी यांपैकी सोयीचे रूप निवडता येते.

शाळांतील शिक्षकांना हा विषय सहज शिकविता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील रिकाम्या पिशव्या वर्गात आणाव्यात, त्यांवरील वजन, किंमत व तारीख वाचावी आणि प्रतिकिलो दर काढावा. ग्रामसेवक व कृषी अधिकारी यांनी गटांना यंत्र मिळवून देण्यापूर्वी वाळवण व साठवणीची व्यवस्था पाहावी. नव्या गटाने पहिल्या हंगामात एकच धान्य, एकच प्रत आणि एकच वजनाची पिशवी घ्यावी, ती जवळच्या बाजारात विकावी आणि पिशवी संपल्यावर तोच ग्राहक पुन्हा आला की नाही, याची वहीत नोंद ठेवावी. पुढील हंगामाचे नियोजन त्या वहीवरून करता येईल.