तुळशीवर कीड पडली, तर औषध कोणते?

सर्दी-खोकल्याचे दिवस आले की अंगणातली तुळस, अडुळसा, गवती चहा यांची आठवण होते. नेमकी तेव्हाच तुळशीची पाने पांढुरकी पडून आकसलेली दिसतात. मग घरातले कोणीतरी शेतावरच्या बाटलीत उरलेले चमचाभर औषध पाण्यात कालवून कुंडीवर मारून मोकळे होते. चार दिवसांनी त्याच तुळशीचा काढा खोकणाऱ्या नातवाला दिला जातो!

पाने धुतली की झाले, हा समज चुकीचा आहे. शेतीची बरीच कीटकनाशके आंतरप्रवाही असतात. म्हणजे ती पानात शिरून रसाबरोबर झाडभर पसरतात. ती धुण्याने जात नाहीत, आणि उकळण्याने जातील असा भरवसा धरता येत नाही. मोनोक्रोटोफॉस याच जातीचे. भाजीपाल्यावर ते वापरण्यास २००५ साली बंदी घालण्यात आली. झुरळांचा फवारा आणि मुंग्यांचा खडू हेही खाण्याच्या झाडापासून लांबच ठेवावेत.

आधी पान उलटे करून पाहावे. तुळशीच्या पानामागे काळे ठिपके आणि जाळीदार पंखांचे बारीक ढेकूण दिसले, तर पाने पांढरी पडण्याचे कारण तेच. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पुदिन्याच्या कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसतो तो मावा. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्यांवर रागावू नये; मावा आणि पिठ्या यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा खायला त्या येतात, म्हणून शोध त्या किडींचा घ्यावा. कढीपत्त्यावरची पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी लिंबावरील फुलपाखराची असते. पुढे ती हिरवी होते आणि लहान रोप बोडके करते. तिला औषध कशाला? सकाळी हाताने वेचावी.

किडलेले शेंडे खुडून टाकावेत आणि पानांच्या मागून पाण्याची जोरदार धार मारावी. पुष्कळदा एवढ्यानेच मावा आटोक्यात येतो. नाही आला तर लिटरभर पाण्यात लहान चमचाभर सौम्य पातळ साबण घालून फवारावा. कपड्यांची पावडर नको, तिने पाने करपतात. त्याहून चांगला निंबोळी अर्क. निंबोळीचा ५० ग्रॅम मगज जाडसर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावा आणि फडक्याने गाळून संध्याकाळी फवारावा. उन्हात त्याचा गुण लवकर जातो. फवारण्याआधी लागणारी पाने काढून घ्यावीत. नंतर आठवडाभर खुडू नयेत, आणि वापरताना स्वच्छ धुवावीत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर त्याला राहू द्यावे, तो मावा खातो.

तंबाखूचे पाणी 'घरगुती' म्हणून सुचवले जाते. आमच्या मते ते टाळावे, कारण निकोटीन हे विषच आहे आणि ते कातडीतूनही अंगात भिनते. कडुनिंबाचे तेलही तान्ह्या मुलांना पाजू नये. त्याने उलट्या आणि झटके आल्याची उदाहरणे आहेत.

फवारलेली पाने खाल्ल्यावर मळमळ, लाळ सुटणे, दरदरून घाम, धाप किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे असे काही दिसले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली दवाखान्यात बरोबर न्यावी. त्यावरच्या नावावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.