भौतिकोपचार पदवी : मनुष्यबळ, नियमन आणि खिदिरपूरचा संदर्भ

आरोग्यसेवेच्या नियोजनात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णखाटा यांची मोजदाद नियमितपणे होते. रुग्णालयातून घरी गेलेला माणूस पुन्हा कामावर उभा राहू शकला की नाही, याची नोंद मात्र क्वचितच ठेवली जाते. भौतिकोपचार, म्हणजेच रूढ भाषेत फिजिओथेरपी, ही विद्याशाखा या दुर्लक्षित टप्प्याशी निगडित आहे. मानवी भांडवल, केंद्र-राज्य संबंध, व्यवसायांचे नियमन आणि सामाजिक सुरक्षा हे स्पर्धा परीक्षांतील चार स्वतंत्र घटक या एका पदवीच्या अभ्यासात एकत्र येतात. त्यामुळे या विषयाकडे केवळ करिअर मार्गदर्शनाचा विषय म्हणून पाहणे अपुरे ठरेल.

गोदीच्या परिसरातील शरीरश्रम

कोलकात्याच्या नैर्ऋत्य भागातील खिदिरपूर हे गोदीमुळे घडलेले उपनगर आहे. हुगळी नदीच्या भरती-ओहोटीपासून संरक्षित अशी, दरवाजे असलेली गोदी येथे १८९० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाली. तिच्याभोवती हमाल, खलाशी, जहाजदुरुस्ती कामगार आणि गाडीवान यांची वस्ती वाढली. लगतच्या मटियाबुर्ज भागात तयार कपडे शिवण्याचा मोठा लघुउद्योग आहे. म्हणजे एका बाजूला ओझे उचलणारी कंबर आणि दुसऱ्या बाजूला दिवसभर शिलाई यंत्रावर वाकलेली मान, अशी या परिसरातील श्रमाची स्थूल विभागणी करता येते. कंटेनरचा वापर वाढल्यानंतर जगभरातील गोद्यांप्रमाणे येथेही हाताने माल चढवण्या-उतरवण्याचे काम आटले. पण गोदीबाहेरील गुदामे, बाजार आणि मालमोटारी यांच्यावरील ओझे माणसाच्याच पाठीवर राहिले.

या दोन गटांतील फरक महत्त्वाचा आहे. गोदी कामगार (रोजगार नियमन) अधिनियम, १९४८ मुळे नोंदणीकृत गोदी कामगारांना काही संरक्षण मिळाले, आणि बंदराच्या कर्मचाऱ्यांसाठी बंदराचे स्वतःचे रुग्णालय होते. गुदामातील हमालाला असे काही नव्हते. महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याद्वारे अशा असंघटित कष्टकऱ्यांसाठी मंडळांची व्यवस्था केली. तो देशातील एक वेगळा प्रयोग होता, आणि परीक्षार्थींनी या दोन कायद्यांची तुलना अवश्य करावी.

मोफत उपचाराची किंमत

भौतिकोपचाराचे एक वैशिष्ट्य त्याच्या अर्थशास्त्राला कलाटणी देते. शस्त्रक्रिया एकदा होते, औषध घरी नेता येते. भौतिकोपचारासाठी रुग्णाला पुन्हा पुन्हा यावे लागते. समजा, दिवसाला ६०० रुपये मिळवणाऱ्या हमालास कंबरदुखीसाठी १२ वेळा येण्यास सांगितले. प्रत्येक खेपेस अर्धा दिवस बुडाला, तर ३,६०० रुपयांची मजुरी जाते. जाण्या-येण्याचे ४० रुपये धरल्यास आणखी ४८० रुपये होतात. सरकारी रुग्णालयाने एक पैसाही घेतला नाही, तरी हा उपचार त्याला ४,०८० रुपयांना, म्हणजे जवळपास सात दिवसांच्या मजुरीला पडतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर असे रुग्ण येईनासे होतात, याचे कारण अज्ञानात शोधण्याची सवय प्रशासनाला आहे. रुग्णाचा हिशेब बहुधा प्रशासनापेक्षा पक्का असतो.

विमा योजनांनी ही अडचण सुटत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि पश्चिम बंगालने २०१६ मध्ये सुरू केलेली स्वास्थ्य साथी योजना या दोन्हींची रचना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती झाली. बाह्यरुग्ण विभागात दहा-बारा वेळा घ्यावयाचा उपचार तिच्या चौकटीत सहज बसत नाही. खुब्याचा सांधा बदलण्याचा खर्च विमा उचलतो. त्या सांध्यावर चालायला शिकवण्याचा बराचसा खर्च कुटुंबावर पडतो.

पोलिओपासून जीवनशैलीपर्यंत

भारतातील भौतिकोपचार शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. पोलिओच्या साथींच्या पार्श्वभूमीवर १९५२-५३ च्या सुमारास केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने परळच्या केईएम रुग्णालयात पहिली प्रशिक्षणशाळा उभी राहिली. त्याच रुग्णालयात १९५० मध्ये व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, शाळा सुरू झाली होती. तिच्या संस्थापक कमला निंबकर मूळच्या अमेरिकन. विवाहानंतर त्या मराठी कुटुंबात आल्या आणि पुनर्वसनाचे शास्त्र त्यांनी येथे रुजवले. भौतिकोपचारात स्नायू, सांधे आणि हालचाल यांवर भर असतो, तर व्यवसायोपचारात जेवणे, कपडे घालणे, लिहिणे यांसारख्या दैनंदिन कृती पुन्हा साध्य करण्यावर. या दोन शाखांची गल्लत परीक्षेत वारंवार होते. मुंबईतच हाजीअली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. भौतिकोपचारतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटनाही त्याच वर्षातील.

ज्या रोगाने या शाखेला जन्म दिला, तो देशातून गेला. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये खिदिरपूरच्या पलीकडच्या काठावरील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभागास पोलिओमुक्त घोषित करण्यात आले. मागणी मात्र कमी झाली नाही, तिचे स्वरूप बदलले. पक्षाघात, गुडघ्यांची झीज, रस्ते अपघात, मधुमेहाचे परिणाम आणि वार्धक्य ही आता मागणीची प्रमुख कारणे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्ती सुमारे १०.४ कोटी होत्या. दिव्यांग व्यक्ती २.६८ कोटी होत्या व त्यांपैकी सुमारे ५४ लाखांना हालचालीशी संबंधित दिव्यांगत्व होते. जगात सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसनसेवेचा लाभ होऊ शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

येथे दोन संकल्पना पक्क्या कराव्यात. जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने ‘दिव्यांगत्व-समायोजित आयुर्वर्षे’ हे मापन प्रचलित केले. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि दिव्यांगत्वासह जगलेली वर्षे यांची ती बेरीज असते. कंबरदुखीने कोणी मरत नाही. म्हणून मृत्युदराच्या तक्त्यात ती दिसत नाही, पण दिव्यांगत्वासह जगलेल्या वर्षांच्या कारणांत ती जगभर अग्रस्थानी असते. दुसरी संकल्पना २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मान्य केलेल्या कार्यक्षमता-वर्गीकरणाची. त्यात शरीराचे कार्य, व्यक्तीची कृती आणि समाजजीवनातील सहभाग असे तीन स्तर मानले आहेत. गुडघा किती अंशांत वाकतो हा पहिला स्तर, जिना चढता येतो का हा दुसरा, आणि तो माणूस मालमोटारीवर पुन्हा कामाला जातो का हा तिसरा. खिदिरपूरच्या संदर्भात तिसरा स्तरच निर्णायक आहे.

पदवी, प्रवेश आणि संस्था

पदवीचा अभ्यासक्रम दीर्घकाळ साडेचार वर्षांचा राहिला : चार वर्षे अध्ययन व सहा महिने आंतरवासिता. प्रारंभी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायनशास्त्र. पुढे विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, व्यायामोपचार, विद्युतोपचार आणि गतीचे यंत्रशास्त्र. नंतर अस्थिरोग, मज्जासंस्था, हृदय-श्वसन आणि समुदाय-आधारित पुनर्वसन, असा त्याचा साधारण क्रम असतो. जोडीला संशोधनपद्धती व जीवसांख्यिकी असते.

खिदिरपूरपासून थोड्याच अंतरावर एसएसकेएम हे मोठे सरकारी रुग्णालय असून तेथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाचा विभाग आहे. पदवी शिक्षणाच्या दृष्टीने मात्र शहराच्या उत्तर टोकाकडील बोनहुगली येथील नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर लोकोमोटर डिसॅबिलिटीज ही संस्था विशेष उल्लेखनीय आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि कृत्रिम अवयवशास्त्र या तिन्ही शाखांच्या पदव्या एकाच आवारात दिल्या जातात. हा आरोग्यशिक्षणाचा भाग असूनही ती संस्था सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाच्या अखत्यारीत आहे, याची नोंद घ्यावी. राष्ट्रीय संस्थांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा आणि राज्यातील इतर महाविद्यालयांसाठी पश्चिम बंगाल संयुक्त प्रवेश मंडळाची परिचर्या व पॅरावैद्यकीय अभ्यासक्रमांची परीक्षा, असे दोन मार्ग तेथील विद्यार्थ्यांपुढे राहिले आहेत. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असून प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर दिले जातात. नियम बदलाच्या अवस्थेत असल्याने विद्यार्थ्यांनी त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

नियमनाचा लांबलेला प्रवास

डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्यासाठी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच केंद्रीय परिषदा अस्तित्वात होत्या किंवा आल्या. भौतिकोपचारास त्यासाठी २०२१ पर्यंत थांबावे लागले. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियमातही या व्यवसायाचा समावेश नव्हता. पॅरावैद्यकीय व भौतिकोपचार केंद्रीय परिषद विधेयक २००७ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण चौदाव्या लोकसभेबरोबर ते व्यपगत झाले. २०१८ चे विधेयकही मंजूर होऊ शकले नाही. मधल्या काळात महाराष्ट्रासारख्या काही राज्यांनी स्वतःचे कायदे करून परिषदा नेमल्या. अन्यत्र पोकळी राहिली.

राज्यघटनेच्या दृष्टीने हा प्रश्न रंजक आहे. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यसूचीत (नोंद ६), वैद्यकीय व अन्य व्यवसाय समवर्ती सूचीत (नोंद २६), शिक्षण समवर्ती सूचीत (नोंद २५), तर उच्च शिक्षणातील दर्जाचे समन्वयन व निश्चिती संघसूचीत (नोंद ६६) आहे. म्हणजे रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद निर्माण करायचे ते राज्याने, पण त्याची पात्रता ठरवता येते केंद्राला. पद न भरले जाण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा संभ्रम काही अंशी या रचनेतूनच येतो.

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ ने ही पोकळी भरण्याचा प्रयत्न केला. त्यातील दोन व्याख्या पाठ असाव्यात. ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ होण्यासाठी किमान २,००० तासांची, दोन ते चार वर्षांत विभागलेली पदविका किंवा पदवी लागते. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ होण्यासाठी किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत विभागलेली पदवी लागते. भौतिकोपचारतज्ज्ञ दुसऱ्या वर्गात येतो. ‘पॅरावैद्यकीय’ ही जुनी संज्ञा त्याला लावणे त्यामुळे आता योग्य नाही. कायदा झाला तरी राज्य परिषदा स्थापन होण्यास विलंब झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

माहितीची विषमता हे अशा नियमनाचे अर्थशास्त्रीय समर्थन. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घेतलेला मालिशवाला आणि पदवीधर यांतील फरक रुग्णाला दुखणे वाढल्यावरच कळतो. नोंदणीमुळे तो आधी कळतो. मात्र नियमनाची एक दुसरी बाजूही असते. व्यवसायांच्या हद्दी ठरवताना सेवेपेक्षा प्रतिष्ठेची चर्चा अधिक होते. २०२५ च्या नव्या अभ्यासक्रमात भौतिकोपचारतज्ज्ञांना नावाआधी ‘डॉ.’ लावण्याची मुभा सुचवली गेली. ९ सप्टेंबर २०२५ रोजी आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्यास हरकत घेणारे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. पदनामावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी जिल्हा रुग्णालयांतील पदांवर झाली असती तर बरे झाले असते.

पाचवे वर्ष कोणाला परवडेल?

याच नव्या अभ्यासक्रमाने पदवीचा कालावधी एक वर्षाच्या आंतरवासितेसह पाच वर्षांचा केला. शैक्षणिकदृष्ट्या हा बदल समर्थनीय आहे, कारण हे शास्त्र हातांनी शिकावे लागते. पण त्याला संधीव्यय आहे. समजा, नव्या पदवीधरास दरमहा १८,००० रुपये मिळू शकत असतील, तर वाढलेल्या सहा महिन्यांचा त्याग १,०८,००० रुपयांचा होतो. संपन्न कुटुंबाला तो जाणवणार नाही. शिलाई कारागिराच्या मुलीला तो प्रवेशाआधीच जाणवेल, आणि ती तीन वर्षांची दुसरी पदवी निवडेल. पुरेसे विद्यावेतन नसलेली आंतरवासिता ही गरीब विद्यार्थ्यांवर बसवलेली अप्रत्यक्ष फी ठरते. तिचा भार पुढे रुग्णांवर येतो, कारण महागडी पदवी घेतलेला तरुण गोदीच्या वस्तीत दवाखाना थाटण्याऐवजी खासगी रुग्णालय, क्रीडासंस्था किंवा परदेश यांकडे वळतो. त्याला दोष देता येणार नाही. गुंतवणूक वसूल करण्याचा तो स्वाभाविक मार्ग आहे.

यावर उपाय आंतरवासितेतच दडलेला आहे. हे वर्ष पूर्णतः मोठ्या रुग्णालयात घालवण्याऐवजी त्यातील काही महिने नागरी आरोग्य केंद्रांत, संध्याकाळच्या वेळेत आणि सन्मानजनक विद्यावेतनावर ठेवता येतील. काम सुटल्यावर घराजवळ उपचार मिळाला, तर वर मांडलेल्या हिशेबातील ३,६०० रुपयांची बुडीत मजुरी वाचते आणि जाण्या-येण्याचे ४८० रुपयेही. विद्यार्थ्याला रुग्ण सलग बारा वेळा पाहता येतो, आणि तिसऱ्या स्तरावरील सुधारणा, म्हणजे तो हमाल पुन्हा ओझे उचलतो की हलके काम शोधतो, ही नोंद प्रथमच कोणाच्या तरी वहीत होते.