दूरध्वनीवरील पाठ आणि त्यांची पुस्तिका

सन २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक शिक्षकांनी दूरध्वनीवरून पाठ घेतले. ज्यांच्या घरी दूरध्वनी नव्हता ती मुले त्या पाठांना मुकली. बोललेला पाठ ऐकणाऱ्यापाशीच थांबतो; तो न ऐकलेल्यापर्यंत पोहोचावयाचा असेल, तर त्याची पुस्तिका किंवा ध्वनिमुद्रण तयार व्हावयास हवे. ते कसे करावे व त्याची किंमत घेताना कोणती पथ्ये पाळावीत, हे पुढे दिले आहे.

१. दोन उदाहरणे : सन १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणूनच ‘गीता-प्रवचने’ हा ग्रंथ घरोघर पोहोचला. लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. ती शब्दशः टिपून घेण्यात आली आणि विल्यम क्रुक्स यांच्या संपादनाखाली १८६१ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. वाचकापुढे प्रयोग नव्हते. त्यांची उणीव आकृत्यांनी भरून काढली. बोलणारा एक व टिपणारा दुसरा, ही विभागणी शाळेतही साधता येते.

२. पाठाची निवड : दूरध्वनीवर फळा दिसत नाही, म्हणून शिक्षकास प्रत्येक गोष्ट शब्दांनी उभी करावी लागते. अपूर्णांकाच्या पाठात तो मुलास सांगतो, “भाकरीचे दोन सारखे तुकडे कर. आता त्यांतील एकाचे पुन्हा दोन कर. अर्धी मोठी की पाव मोठी?” असा पाठ मुळातच कानासाठी रचलेला असतो व मूल तो हातांनी करते. पुस्तिकेसाठी असेच पाठ निवडावेत.

३. संपादन : ध्वनिमुद्रण ऐकून पाठ प्रथम जसाच्या तसा उतरवावा. नंतर हजेरी, “ऐकू येते का?” असे प्रश्न व पुनरुक्ती गाळावी. मुलांनी केलेल्या चुका मात्र गाळू नयेत. “चार मोठे, म्हणून पाव मोठा” असे एका मुलास वाटले, तर ते अनेकांस वाटणार. तो प्रश्न व त्याचा उलगडा पुस्तिकेत अवश्य यावा. मुलांची नावे काढावीत, आणि ध्वनिमुद्रणात त्यांचा आवाज ठेवावयाचा असल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी. एका पाठात एकच कल्पना असावी व शेवटी घरच्या वस्तूंनी करावयाची एक कृती द्यावी.

४. किंमत व पथ्ये : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २८ अन्वये शिक्षकास खासगी शिकवणी करता येत नाही. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ याच्या कलम १७ प्रमाणे, नोकरीच्या कामात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः नियोक्त्याकडे असतो. म्हणून विक्रीपूर्वी जिल्हा परिषदेची लेखी अनुमती घ्यावी. पाठ्यपुस्तकातील कविता वा उतारे परवानगीवाचून छापू नयेत. आपल्या शाळेतील मुलांस पुस्तिका विनामूल्यच द्यावी. इतरांकडून किंमत घ्यावयाची असल्यास कागद व छपाईचा खर्च भागेल एवढीच ती ठेवावी आणि जमाखर्च शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा. ज्या मुलाजवळ दूरध्वनी नव्हता, त्याच्याजवळ बहुधा पुस्तिकेचे पैसेही नसतात, याचा विसर पडू देऊ नये.

५. कसोटी : छपाईपूर्वी पुस्तिका अशा मुलाच्या हाती द्यावी, ज्याने तो पाठ ऐकलेला नाही. शिक्षकाने जवळ बसावे, परंतु बोलू नये. मूल जेथे अडेल तेथे खूण करावी व तेवढा भाग पुन्हा लिहावा. कोणी न सांगता त्याने भाकरीचा पाव भाग बरोबर वेगळा केला, म्हणजे पुस्तिका तयार झाली असे समजावे.