दत्तजयंतीची ठिणगी आणि रामनामाचा सूर

दत्तभक्तहो, मी बँकेत जन्मभर खतावण्या लिहिणारा माणूस, गाण्यातलं मला फार कळत नाही. पण पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचं चरित्र मनात घर करून आहे, तेच यंदा मांडतो.

बुवांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी जवळच्या नरसोबावाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे अधू झाले. शाळा सुटली. मग मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. पुढे गिरनारवर एका साधूने त्यांना पंजाबकडे जायला सांगितलं, अशी हकीकत सांगतात. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघालं.

त्या काळी गाणं म्हणजे ऐषआरामाची चीज, अशी समजूत होती. बुवांनी शृंगारिक शब्दांच्या जागी तुलसीदास, सूरदास, मीराबाईंची पदं रागात बसवली. रामधून घरोघरी पोचवली. त्यांच्या लेखी स्वर हीच पूजा होती. मुंबईची शाळेची इमारत कर्जापायी लिलावात गेली, तरी रामनाम सुटलं नाही. कर्ज आणि लिलाव कागदावर मी पुष्कळ पाहिलेत. त्यात माणूस कसा खचतो, तेही पाहिलंय. नाशिकला त्यांनी रामनामाचा आश्रम चालवला. १९३१ साली ते गेले.

आता माझं सांगतो. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने माझा डावा डोळा गेला, उजव्यालाही बारीक अक्षर लागत नाही. दरवर्षी सप्ताहात स्वतः वाचायचो ती गुरुचरित्राची पोथी कपड्यात बांधून ठेवली. महाराजांवर रागावलो. आरतीलाही जाईना. तेव्हा बुवा आठवले. त्यांचे डोळे तर दत्ताच्याच उत्सवात गेले! तरी त्यांनी ते नुकसान देवाच्या नावे टाकलं नाही, उलट आयुष्य त्याच्याच सेवेत जमा केलं.

गेल्या वर्षी नातवाला म्हटलं, "तू वाच, मी ऐकतो." तो अडखळत वाचतो, मी पाठ असलेली ओवी पुरी करतो. घाईघाईने उरकलेले अध्याय आता सावकाश कानात उतरतात.

जवळा बाजारच्या मंडळींना हात जोडून एकच विनंती. यंदा पालखीपुढे फटाके नकोत. ते पैसे लेकरांच्या भजनासाठी पेटी आणि टाळ घ्यायला लावू.

श्रीगुरुदेव दत्त!