डिजिटल कॅमेऱ्याची निवड : झूमच्या आकड्याचा अर्थ

डिजिटल कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठळकपणे छापलेल्या आकड्यांपैकी एक हमखास झूमचा असतो. आकडा जितका मोठा तितका कॅमेरा चांगला, असा ग्राहकांचा सर्वसाधारण समज असतो. हा समज कितपत खरा आहे, हे रायपूरहून सहलीला जाणाऱ्या कुटुंबांच्या परिचयाच्या दोन स्थळांवरून पाहता येईल : सिरपूरचे लक्ष्मण मंदिर आणि बारनवापारा अभयारण्य.

ऑप्टिकल झूम

यात कॅमेऱ्यातील भिंगे प्रत्यक्ष पुढे-मागे सरकतात व नाभीय अंतर बदलते. दूरचे दृश्य मोठे होऊनच संवेदकावर पडते. त्यामुळे बारकावे टिकून राहतात. सर्वाधिक नाभीय अंतराला सर्वांत कमी नाभीय अंतराने भागले की झूमचा आकडा मिळतो. २४ ते १२० मिलिमीटरचा कॅमेरा ‘५ एक्स’ आणि ३६ ते १८० मिलिमीटरचाही ‘५ एक्स’च, मात्र दोघांचे काम वेगळे. सातव्या शतकातील लक्ष्मण मंदिराचे विटांचे उंच शिखर जवळून एका चौकटीत बसवायचे, तर २४ मिलिमीटरपासून सुरू होणारा कॅमेरा उपयोगी पडतो. दारावरील शेषशायी विष्णूचे शिल्प दुरून टिपण्यासाठी मात्र दुसरा अधिक सोयीचा. म्हणून केवळ ‘एक्स’ न पाहता ३५ मिलिमीटर फिल्मच्या तुलनेत दिलेले दोन्ही टोकांचे नाभीय अंतर वाचावे.

डिजिटल झूम

यात भिंग हलत नाही. कॅमेरा चित्राचा मधला भाग कापून तो ताणतो. १२ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ४००० गुणिले ३००० बिंदूंच्या चित्रावर दुप्पट डिजिटल झूम केल्यास २००० गुणिले १५००, म्हणजे ३ मेगापिक्सेलच खरे बिंदू उरतात. चौपट केल्यास जेमतेम पाऊण मेगापिक्सेल. ३ मेगापिक्सेलमधून ४ गुणिले ६ इंचांची छपाई चांगली निघते. पाऊण मेगापिक्सेलमधून ती धूसर दिसते. हेच कापण्याचे काम घरी संगणकावरही करता येते. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची आवश्यकता नाही. ‘५ एक्स’ ऑप्टिकल आणि ‘४ एक्स’ डिजिटल यांचा गुणाकार करून खोक्यावर ‘२० एक्स’ छापले असेल, तर ग्राहकाने त्यातील पहिलाच आकडा हिशेबात धरावा.

प्रकाश आणि हाताचा कंप

बारनवापाऱ्यात पहाटे गवा किंवा बिबट्या दिसतो तो काही क्षणच, आणि जवळ जाणे धोक्याचे असते. तेथे ३०० मिलिमीटर किंवा अधिक नाभीय अंतर उपयोगी ठरते. परंतु झूम वाढवताना अनेक कॅमेऱ्यांचे छिद्र लहान होत जाते. ते एफ २.८ वरून एफ ५.६ वर आल्यास प्रकाश एक चतुर्थांशच उरतो. शिवाय हाताचा कंपही झूमबरोबर वाढतो. ३०० मिलिमीटरवर शटरचा वेग सेकंदाच्या ३०० व्या भागाइतका तरी असावा, असा जुना संकेत आहे. म्हणून दीर्घ झूमच्या कॅमेऱ्यात भिंग किंवा संवेदक हलवून कंप रोखणारी ऑप्टिकल स्थिरीकरणाची सोय आहे, याची खात्री करावी. तथापि, ही सोय हाताचा कंप सावरते. पळत्या प्राण्याचे चित्र स्पष्ट येण्यास शटरचा वेगच लागतो.

मोबाइलमध्येही हाच नियम लागू पडतो. अनेक मोबाइलमध्ये ठरावीक नाभीय अंतराची दोन-तीन स्वतंत्र भिंगे असतात. त्यांच्या दरम्यानचा व त्यापुढचा झूम मुख्यतः चित्र कापूनच साधला जातो.

दुकानातील चाचणी

कॅमेऱ्यातील डिजिटल झूम बंद करून घ्यावा. पूर्ण ऑप्टिकल झूम लावून रस्त्यापलीकडच्या पाटीचे छायाचित्र काढावे आणि पडद्यावर मोठे करून अक्षरे वाचता येतात का, ते पाहावे. नंतर हीच चाचणी दुकानाच्या आतल्या कमी प्रकाशात करावी. मंदिरे व कौटुंबिक समारंभ हाच मुख्य विषय असेल, तर २४ मिलिमीटरपासून सुरू होणारा मध्यम झूम पुरेसा आहे; वन्यप्राणी व पक्षी टिपायचे असतील, तरच दीर्घ झूमसाठी जादा खर्च करणे योग्य ठरते.